अवर्षण, रोगभय आणि सिंहलद्वीप

रतनसुत्ताचे पठण आपल्या विहारांतून नित्य होत असते. काही वर्षांपूर्वी वर्षावासातील एका प्रवचनानंतर महाविद्यालयात शिकणाऱ्या एका तरुणाने मला विचारले, "सर, वैशालीची रोगराई सुत्त म्हटल्याने खरोखरच गेली काय? आणि गेली नसेल, तर आपण ते का म्हणतो?" त्या दिवशी मी जे उत्तर दिले ते माझे मलाच पटले नव्हते. श्रद्धेचा मान राखावा आणि प्रश्नाला बगल द्यावी, अशा धाटणीचे ते उत्तर होते. ज्या ग्रंथात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बुद्धवचन ओळखण्याची पहिली कसोटी बुद्धिसंगतता ही सांगितली, तो ग्रंथ वाचून आलेल्या तरुणाला असे उत्तर देणे योग्य नव्हते. म्हणून मी पुन्हा मूळ पालि ग्रंथांकडे वळलो.

प्रथम ध्यानात घ्यावयाची गोष्ट ही की, रतनसुत्ताच्या गाथांमध्ये वैशालीचे, दुष्काळाचे किंवा रोगाचे नावही नाही. ती कथा अट्ठकथेतील आहे. खुद्दकपाठ व सुत्तनिपात यांवरील 'परमत्थजोतिका' नावाच्या अट्ठकथेत ती सविस्तर येते, आणि ती ज्या क्रमाने येते तो क्रम आपल्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. वैशालीस पाऊस पडला नाही. शेते करपली. धान्य मिळेनासे झाले. प्रथम दरिद्री माणसे मेली. त्यांची प्रेते नगराबाहेर टाकण्यात आली. त्या प्रेतांच्या दुर्गंधीने अमनुष्य नगरात शिरले. मग अधिकच माणसे मरू लागली आणि शेवटी 'अहिवातकरोग' उद्भवला. दुब्भिक्खभय, अमनुस्सभय आणि रोगभय अशी तीन भये वैशालीवर आली, असे आपण सांगतो. पण बहुधा ती एका ओळीत मांडलेली तीन वेगवेगळी संकटे म्हणून सांगतो. अट्ठकथाकार मात्र ती एका साखळीच्या कड्या म्हणून सांगतो. अमनुष्यांची कडी आजच्या वाचकाने बाजूस ठेवली तरी साखळी तुटत नाही: अवर्षण, धान्याचा अभाव, गरिबांचा मृत्यू, न पुरलेली व न जाळलेली प्रेते, रोग.

पुढचा तपशीलही असाच बोलका आहे. तथागत वज्जींच्या भूमीवर पाऊल ठेवतात तेव्हा मोठा पाऊस होतो आणि त्या पाण्याने सगळी प्रेते वाहून गंगेत जातात, भूमी स्वच्छ होते. आनंद थेर नगराच्या तटांमधून फिरत सुत्त म्हणतात ते त्यानंतर. म्हणजे पठणाच्या आधी नगर धुऊन निघाले आहे, असे स्वतः अट्ठकथाच सांगते.

अहिवातकरोग म्हणजे नेमका कोणता रोग, याविषयी पुष्कळ तर्क झाले आहेत. धम्मपदट्ठकथेत या रोगाचा क्रम दिला आहे. प्रथम माश्या मरतात, मग किडे, मग उंदीर, कोंबड्या, डुकरे, गायी, मग दासी आणि दास, आणि सर्वांच्या शेवटी घरचे मालक. जे भिंत फोडून पळतात तेच वाचतात. उंदीर माणसाच्या आधी मरतात हे वाचताच १८९६ नंतरचा मुंबई-पुण्याचा प्लेग आपल्याकडील वाचकास आठवेल. परंतु माश्या आधी मरणे प्लेगच्या लक्षणांत बसत नाही. तेव्हा नाव देण्याची घाई नको. माझे लक्ष वेधले ते दुसऱ्याच गोष्टीने. दास-दासी मालकांच्या आधी मरतात, ही गोष्ट अट्ठकथाकाराने सृष्टिक्रम असल्यासारखी, गायी आणि घरमालक यांच्या मधल्या पायरीवर नोंदवून ठेवली आहे.

हे लिहिणारे लोक कोठे राहत होते? वैशालीस नव्हे. पालि अट्ठकथा इसवी सनाच्या पाचव्या शतकात व त्यानंतर, जुन्या सिंहली अट्ठकथांच्या आधारे, मुख्यतः अनुराधपुराच्या महाविहाराच्या परंपरेत रचल्या गेल्या. अनुराधपूर हे सिंहलद्वीपाच्या कोरड्या भागातील नगर. बेटाच्या नैर्ऋत्येकडील ओल्या पट्ट्यात वर्षाकाठी अडीच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि तो पुष्कळसा मे ते सप्टेंबरच्या नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांचा. उत्तरेचा व पूर्वेचा कोरडा भाग मात्र हिवाळ्याच्या तोंडी येणाऱ्या ईशान्य मोसमी पावसावर जगतो. तो चुकला की वर्ष गेले. म्हणून वैशालीच्या अवर्षणाची कथा सांगणारे भिक्खू ती परक्या देशाची दंतकथा म्हणून सांगत नव्हते. तलावाचे पाणी खाली जाताना त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते.

हवामान बदलले की संसर्गजन्य रोग कसे बदलतात आणि समाज त्याला कसे तोंड देतो, हा प्रश्न आज जगभर विचारला जात आहे. त्याचा अभ्यास करावयास सिंहलद्वीपासारखे दुसरे ठिकाण क्वचितच सापडेल. एकाच बेटावर दोन हजार वर्षांच्या पालि वंसग्रंथांतील नोंदी आहेत आणि त्याच बेटावर विसाव्या शतकातील हिवतापाच्या महासाथीचे वैद्यकीय अहवालही आहेत.

पहिली मोठी नोंद वट्टगामणी अभय राजाच्या काळातील, म्हणजे इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातील महादुष्काळाची. ब्राह्मण तिस्स नावाच्या बंडखोराच्या उठावाशी जोडलेला हा दुष्काळ परंपरेने बारा वर्षांचा मानला आहे. अंगुत्तरनिकायाच्या 'मनोरथपूरणी' अट्ठकथेत त्याची हृदयद्रावक हकीकत आहे. पुष्कळ भिक्खू समुद्र ओलांडून जंबुद्वीपास गेले. साठ भिक्खू मागे फिरून दक्षिणेकडील मलय प्रदेशात कंदमुळे व पाने खाऊन राहिले. अंगात बळ असेतो ते बसून सुत्तांची उजळणी करीत; बसवेनासे झाले की वाळूच्या ढिगावर डोकी टेकून पडल्या पडल्या करीत. दुष्काळ सरला तेव्हा 'महानिद्देस' हा ग्रंथ मुखोद्गत असणारा एकच भिक्खू उरला होता, आणि तोही शीलाने चांगला नव्हता. तरीही त्याच्याकडूनच तो ग्रंथ शिकून घ्यावा लागला.

त्यानंतर भिक्खूंनी त्रिपिटक लिहून काढले. महावंस त्याचे कारण लोकांची हानी एवढेच सांगतो. मातले येथील अलुविहाराचे नाव नंतरच्या परंपरेने जोडले आहे. कारणे एकाहून अधिक असतील. पण ज्या संघाने महानिद्देसाची अवस्था पाहिली, त्याला स्मरण हे शरीरात राहते आणि शरीर हे भाताच्या शिजलेल्या घासावर राहते, हे कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. आज मी ज्या ग्रंथांवर उपजीविका करतो ते ग्रंथ अवर्षणाला दिलेल्या एका उत्तरामुळे माझ्यापर्यंत पोचले आहेत.

दुसरी नोंद तिसऱ्या शतकातील सिरिसंघबोधी राजाची. बेटावर अवर्षण पडले तेव्हा पाऊस पडून त्या पाण्याने आपण उचलले जाईपर्यंत उठणार नाही, असा निश्चय करून हा राजा महाथूपाच्या अंगणात आडवा झाला, असे महावंस सांगतो. पाऊस आला. त्यानंतर काही काळाने 'रत्तक्खी' म्हणजे लाल डोळ्यांचा यक्ष आला. लोक एकमेकांस पाहत, डोळे लाल झाल्याचे बोलत आणि मरत. यावरून रोगाचे निदान करणे शक्य नाही. काहींनी हा हिवताप म्हटला, काहींनी आणखी काही. आधी अवर्षण, मग पाऊस, मग ताप हा क्रम मात्र पुढे पुन्हा दिसेल.

चौथ्या शतकातील बुद्धदास राजाविषयी चूळवंसात एक मोठे प्रकरण आहे. हा स्वतः वैद्य होता. दहा गावांमागे एक वैद्य त्याने नेमला, त्यांच्या निर्वाहासाठी उत्पन्न लावून दिले, गावोगावी रुग्णशाला उभारल्या आणि 'सारत्थसंगह' हा वैद्यकग्रंथ रचला. त्याच्या उपचारकथांत चमत्कारांची भेसळ आहे, हे खरे. पण त्यांपैकी एक कथा अशी की अवघडलेल्या चंडाल गर्भवतीवर त्याने स्वतः उपचार केले. वंसग्रंथाच्या कर्त्याला ही गोष्ट राजाच्या गौरवाची वाटली, लपविण्याची वाटली नाही. (याच बेटावर अठराव्या शतकात सियाम निकायाने उपसंपदा एका जातीपुरती राखून ठेवली आणि इतरांना ती ब्रह्मदेशातून आणावी लागली, हेही येथेच नोंदवून ठेवतो. धम्म बेटावर पोचला म्हणजे जात बुडाली असे होत नाही.)

बुद्धदासाचा मुलगा उपतिस्स. त्याच्या काळात दुष्काळ आणि रोग दोन्ही एकदम आले. अशा वेळी तथागतांनी काय केले होते, असे त्याने भिक्खूंना विचारले. भिक्खूंनी वैशालीची कथा सांगितली. राजाने सोन्याची बुद्धमूर्ती घडवून तिच्या हातात पाण्याने भरलेले पात्रधातू ठेवविले, लोकांसह शील ग्रहण केले, दान दिले आणि भिक्खू रात्रभर सुत्त म्हणत नगरातून फिरले. पहाटे पाऊस आला. यापुढे दुष्काळ किंवा रोग आला की असेच करावे, अशी आज्ञा राजाने दिली. सुत्तपठणाने पाऊस पडतो असे मी मानत नाही. पण त्याच उपतिस्साने पांगळे, आंधळे, आजारी आणि बाळंतिणी यांच्यासाठी शाळा व दानगृहे उभारली असेही चूळवंस सांगतो, आणि आपल्या प्रवचनांत पहिली गोष्ट येते, दुसरी राहून जाते. त्या तरुणाला मी हे सांगावयास हवे होते: साथीच्या काळात घराची दारे बंद होतात, माणूस माणसाला टाळतो, अशा वेळी राजा, भिक्खू आणि प्रजा एका रस्त्यावर आली, आणि संकट पुन्हा येणार हे गृहीत धरून पुढच्यांसाठी आज्ञा ठेवली गेली. पठणाचे सामर्थ्य असेल तर ते एवढेच, आणि ते थोडे नाही.

कोरड्या भागातील लोकांनी अवर्षणाला दिलेले खरे उत्तर म्हणजे तलाव. सिंहली भाषेत त्यांना 'वेव' म्हणतात. एका ओढ्यावर एकाखाली एक अशी तलावांची माळ. वरच्याचे पाझरलेले पाणी खालच्याला. ही व्यवस्था सतत हातांनी राखावी लागते. बांध फुटला, पाट गाळाने भरले की वाहते पाणी ठिकठिकाणी साचते. पोलोन्नरुवाच्या राज्याचा १२१५ मधील माघाच्या स्वारीनंतर ऱ्हास झाला, कोरडा भाग ओस पडत गेला आणि लोक नैर्ऋत्येकडे सरकले. हिवतापाने ही नगरे ओस पाडली, असा तर्क ल्युशियस निकोल्स या वैद्याने १९२१ मध्ये मांडला होता. स्वाऱ्या, सत्तेची मोडतोड, अवर्षण आणि ताप यांतील कोण आधी, कोण नंतर, हे आता सोडविणे कठीण आहे. एकदा बांध फुटल्यावर ही सारी एकमेकांना धरून आली असणार.

बांध राखण्याचे काम कोण करीत होते, हाही प्रश्न विचारला पाहिजे. 'राजकारिय' या नावाने ओळखली जाणारी सक्तीची सेवा जातीजातींवर वाटलेली होती. ब्रिटिशांनी ती १८३२ मध्ये रद्द केली. महार वतनाचा इतिहास ज्यांच्या घरात आहे त्यांना वेठ रद्द होण्याचे मोल सांगावयास नको. पण वेठ गेली तेव्हा त्या कामासाठी मजुरीची वा पंचायतीची दुसरी व्यवस्था लावली गेली नाही, आणि खेड्यांचे तलाव आणखी ढासळले. अन्याय दूर करणारा कायदा झाला. अन्याय्य हातांनी का होईना, जे राखले जात होते ते राखण्याचे न्याय्य मार्ग मात्र कोणी शोधले नाहीत.

आता १९३४ कडे येऊ. त्या वेळचे सिलोन ब्रिटिश वसाहत होते, लोकसंख्या १९३१ च्या शिरगणतीप्रमाणे ५३ लाखांच्या घरात. हिवताप कोरड्या भागात बारमाही होता. ओल्या पट्ट्यात, म्हणजे केगल्ल, कुरुणेगल या दाट वस्तीच्या जिल्ह्यांत, तो एरव्ही फारसा नसे. कारण तेथील नद्या वाहत्या असत. या बेटावर हिवताप पसरविणारा मुख्य डास अॅनोफेलिस क्युलिसिफेसिस याला स्वच्छ, उन्हातले, थांबलेले पाणी लागते. नदी वाहती असली की त्याच्या अळ्या वाहून जातात. १९३४ मध्ये नैर्ऋत्य मोसमी पाऊस चुकला. देदुरु ओया, महा ओया, केलनी गंगा या नद्यांचे प्रवाह तुटले आणि वाळूच्या पात्रात शेकडो डबकी मागे राहिली. ऊन होते, पाणी स्वच्छ होते आणि काठावर माणसांची दाट वस्ती होती.

त्यात भर अशी की आधीची काही वर्षे पावसाची बरी गेली होती, म्हणून ओल्या पट्ट्यातील लोकांना तापाची सवय उरली नव्हती. कोरड्या भागातील माणूस बालपणापासून तापाशी झगडून, प्लीहा वाढलेली असली तरी, काहीसा प्रतिकार कमावून असे. केगल्लच्या मुलाला ते कवच नव्हते. ऑक्टोबर-नोव्हेंबर १९३४ मध्ये साथ भडकली आणि डिसेंबर-जानेवारीत कळसास गेली. सुमारे पंधरा लाख माणसे आजारी पडली. सुमारे ८० हजार मेली. १९३५ मध्ये जन्मलेल्या दर हजार मुलांपैकी २६३ मुले वर्षाची होण्याआधी गेली. हिवतापाला सरावलेला कोरडा भाग त्या मानाने निभावला; जेथे पाणी भरपूर असे तेथेच मृत्यू झाले, हा या साथीचा विपरीत धडा.

पण पाऊस चुकला म्हणून साथ आली, एवढे सांगून भागत नाही. १९२९ नंतरच्या जागतिक मंदीत रबर आणि नारळ यांचे भाव कोसळले होते. मळ्यांवरची मजुरी तुटली होती. अवर्षणाने भाताचे पीकही गेले. ताप आला तेव्हा घरात धान्य नव्हते, आणि घरातील सगळेच अंथरुणावर असल्याने पाणी देणाराही नव्हता. भुकेचा वाटा किती आणि डासांचा किती, यावर पुढे अभ्यासकांत वाद झाला. तो वाद मी येथे निकालात काढणार नाही. पण अट्ठकथाकार 'प्रथम दरिद्री माणसे मेली' असे म्हणतो तेव्हा त्याने आपले मत नोंदविले आहे, असे मला वाटते.

या साथीची चौकशी करण्यासाठी हिंदुस्थानातून कर्नल क्लिफर्ड गिल यांना पाचारण करण्यात आले. गिल यांनी पंजाबात हिवतापाच्या साथींचा अभ्यास केला होता आणि पावसाच्या आकड्यांवरून साथीचे भाकीत वर्तविण्याची पद्धत तेथे बसविली होती. पंजाबचा अनुभव सिलोनच्या नेमका उलट होता. १९०८ च्या शरद ऋतूत तेथे अतिवृष्टीनंतर भीषण साथ आली आणि अवघ्या काही आठवड्यांत तीन लाखांच्या आसपास माणसे मेली. कोरड्या पंजाबात अधिक पाऊस म्हणजे डबकी; ओल्या केगल्लमध्ये कमी पाऊस म्हणजे डबकी. डास तोच, परोपजीवी जंतू तेच, हवामानाचा धक्का मात्र विरुद्ध दिशेचा. पंजाबच्या साथीचा अहवाल लिहिणाऱ्या क्रिस्टोफर्स यांनीही पावसाच्या जोडीला धान्याची महागाई हे कारण ठेवले होते. पृथ्वीचे तापमान वाढले की हिवताप वाढेल, अशी सरळ वाक्ये हल्ली वाचावयास मिळतात. डासाच्या शरीरात हिवतापाच्या जंतूची वाढ उष्णतेने लवकर होते आणि साधारण १६ ते १८ अंश सेल्सिअसच्या खाली ती थांबते, हे खरे. थंड डोंगराळ मुलखाला ही बाब महत्त्वाची आहे. परंतु केगल्लची हवा बाराही महिने डासाला पुरेशी उबदार होती. तेथे प्रश्न होता तो नदी वाहते की थांबते, आणि काठावरच्या घरात चूल पेटते की नाही, याचा.

सरकारने औषधकेंद्रे उघडली, क्विनाइन वाटले. ते उशिरा आणि अपुरे होते, अशी टीका त्याच वेळी झाली. खेड्यांत शिरले ते तरुण स्वयंसेवक. यातील एक गट 'सूर्यमल' चळवळीचा. पहिल्या महायुद्धाच्या स्मरणदिनी, ११ नोव्हेंबरला, ब्रिटिश सैनिकांच्या निधीसाठी खसखशीची कागदी फुले विकली जात. त्याऐवजी हे तरुण पारसपिंपळाची पिवळी फुले विकत आणि पैसा देशातच वापरीत. डोरीन विक्रमसिंघे या चळवळीच्या अध्यक्ष होत्या, डॉ. एस. ए. विक्रमसिंघे वैद्य म्हणून काम करीत होते. एन. एम. परेरा यांनी रुवनवेल्ल भागात घरोघर औषध आणि अन्न पोचविले. डिसेंबर १९३५ मध्ये याच मंडळींनी लंका समसमाज पक्ष स्थापन केला आणि १९३६ च्या निवडणुकीत परेरा रुवनवेल्लमधून व फिलिप गुणवर्धन अविस्सावेल्लमधून विधिमंडळावर निवडून आले.

हे शक्य झाले याचे एक कारण असे की सिलोनला १९३१ मध्येच प्रौढ मताधिकार मिळाला होता. स्त्री-पुरुष, शिकलेला-अडाणी, सर्वांना. त्याच सुमारास हिंदुस्थानात बाबासाहेब सायमन कमिशनपुढे प्रौढ मताधिकाराची मागणी करीत होते आणि ती मान्य झाली नव्हती. केगल्लचा तापाने खंगलेला शेतकरी १९३६ मध्ये मतपेटीपाशी जाऊ शकत होता. १८७६-७८ च्या महादुष्काळात आणि त्याच्या मागोमागच्या पटकी व तापाच्या साथींत दख्खनच्या गावकुसाबाहेर जे मेले, त्यांना कोणाकडे जाता येणार होते?

साथीनंतर बेटावर हिवतापविरोधी कामाची घडी बसली. आरोग्यकेंद्रे खेड्यांजवळ आली, नदीच्या डबक्यांवर तेल टाकणे, पात्र मोकळे करणे सुरू झाले. १९४६ पासून घरांच्या भिंतींवर डीडीटी फवारण्यात येऊ लागले. त्या वर्षी दर हजारी मृत्यू वीस होते, पुढच्या वर्षी चौदा. याचे श्रेय एकट्या डीडीटीला द्यावे काय, यावरही वाद आहे, कारण त्याच काळात शिधावाटपाचा तांदूळ व मोफत रुग्णालये यांचा विस्तार होत होता. १९६३ मध्ये अख्ख्या बेटावर हिवतापाचे फक्त १७ रुग्ण नोंदले गेले. हिवताप संपला असे समजून फवारणी थांबविण्यात आली, पैसा अन्यत्र वळला. १९६९ मध्ये रुग्णांची संख्या पाच लाखांहून अधिक होती. रत्ने काढण्यासाठी खणलेल्या आणि तशाच सोडलेल्या खड्ड्यांनीही डासांना पाणी पुरविले.

त्यापुढचा मार्ग सोपा नव्हता. डास डीडीटीला जुमानेनासे झाले, यादवी युद्ध १९८३ ते २००९ पर्यंत चालले. १९९० च्या दशकात यान ओया या प्रवाहावर काम करणाऱ्या संशोधकांनी एक जुनीच गोष्ट नव्याने दाखविली: हुरुलुवेव तलावाकडे जाणारे पाणी योग्य वेळी, योग्य उंचीने सोडत राहिले तर पात्रात डबकी राहत नाहीत आणि डासही कमी होतात. तलाव राखणाऱ्यांच्या हाती रोगही राखणे होते. देशांतर्गत संसर्गाचा शेवटचा रुग्ण ऑक्टोबर २०१२ मध्ये सापडला आणि सप्टेंबर २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने श्रीलंका हिवतापमुक्त असल्याचे प्रमाणित केले. ज्या बेटाने १९३४ पाहिले त्याने हे साधले, ते एका औषधाच्या जोरावर नव्हे. ताप आलेल्या प्रत्येक संशयिताचे रक्त तपासून, प्रत्येक रुग्णाच्या गावात जाऊन.

मात्र हवामान थांबलेले नाही. पृथ्वी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धाच्या तुलनेत एक अंशाहून अधिक तापली आहे आणि मोसमी पावसाची लहर वाढली आहे. मे २०१७ मध्ये श्रीलंकेच्या नैर्ऋत्येस महापूर आले आणि त्याच वर्षी डेंग्यूचे सुमारे १ लाख ८६ हजार रुग्ण नोंदले गेले. डेंग्यूचा डास नदीच्या डबक्यात नव्हे, तर शहराच्या कचऱ्यात, फुटक्या भांड्यात आणि झाकण नसलेल्या पिंपात वाढतो. ज्यांच्या नळाला रोज पाणी येत नाही तेच पाणी साठवून ठेवतात. म्हणून पूर आणि टंचाई, दोन्हींत हा रोग एकाच वस्तीत शिरतो.

आणखी एक पाहुणा आला आहे. अॅनोफेलिस स्टिफेन्साय हा डास मुंबईच्या जुन्या रहिवाशांना परिचित आहे. डॉ. बेंटली यांनी १९११ च्या अहवालात मुंबईच्या हिवतापाचे मूळ विहिरींत दाखविले ते याच डासामुळे, आणि विहिरी बुजविण्यावरून शहरात मोठे वादळ उठले. हा डास श्रीलंकेत नव्हता. तो मन्नार बेटावर आढळल्याचे २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याला वाहती नदी आटण्याची वाट पाहावी लागत नाही. विहीर, हौद, छतावरची टाकी पुरते. मन्नार हा पाण्याची वाण असलेला भाग, तेव्हा तेथे घराघरात विहिरी आहेत. जंतू बेटावर नाही, पण डास आहे, आणि माणसे समुद्रापलीकडून येतात-जातात. हिवतापविरोधी मोहिमेचे कर्मचारी तेथे विहिरींतून अळ्या शोधीत फिरू लागले, विहिरींत अळ्या खाणारे मासे सोडू लागले. गेल्या कित्येक वर्षांत त्या गावांतील कोणालाही हिवताप झालेला नव्हता, तरी ते दारोदार जाऊन विहिरीचे झाकण उचलून पाहत होते.